चार योजनांचे पैसे, एक टेबल आणि मी एकटी – कॅपिटल ग्रँटचा हिशेब तुम्ही कसा ठेवता?

निपाणीची_पोरगी

नमस्कार मंडळी, इथं कित्येक वर्षं नुसती वाचत आलेय, आज पहिल्यांदा विचारायलेय, सांभाळून घ्या.

मी आमच्या सीमाभागातल्या एका बस महामंडळात अकाउंट्सला आहे. कुठलं, कुठल्या ऑफिसात ते विचारू नका. आठ महिन्यांपूर्वी वरच्या साहेबांची बदली झाली, त्यांच्या जागी कोण आलंच नाही आणि त्यांचं टेबल अलगद माझ्याकडं सरकलं. टेबल म्हणजे भांडवली कामं. डिझेल, पगार, पीएफ बघणारी माणसं वेगळी आहेत, माझ्याकडं जे जमिनीवर उभं राहतं ते सगळं, म्हणजे स्टँड, डेपोची शेड, यार्डाचं काँक्रीट, शेल्टर, नव्या गाड्या, आणि आता चार्जिंगची लाईन.

पैसा येतो चार वाटांनी. राज्याच्या बजेटातला ५०५५ या हेडखालचा (हेड म्हणजे बजेटातला खर्चाचा कप्पा), कधी तोच कर्ज म्हणून ७०५५ खाली, केंद्राच्या योजनेचा हिस्सा, आणि खासदार-आमदार फंडातनं शेल्टरचे. प्रत्येकाची मंजुरी वेगळी, खातं वेगळं, यूसीचा, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्या दाखल्याचा, नमुना वेगळा. ऑफिसात टिप्पणी कन्नडात लिहायची, यूसी इंग्रजीत, आणि डोकं आपलं मराठीत चालतंय, त्यामुळं एक आकडा तीनदा मनात फिरवून घ्यावा लागतो.

आता मुद्द्यावर येते. एका डेपोच्या यार्डाचं काँक्रीट दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा राज्याच्या पैशातनं. दुसऱ्याला तेव्हा पैसेच नव्हते, आणि केंद्राच्या योजनेचे डेपोत वीज आणण्यासाठीचे पैसे खात्यात पडून होते. कंत्राटदार एकच, एमबी म्हणजे कामाच्या मोजमापांची वही एकच, त्यामुळं कुणीतरी आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणारं बिल) नंबर ४ त्या पैशातनं भागवून टाकलं. मी नव्हते तेव्हा. आता ऑडिटचा मेमो आलाय, ‘योजनेच्या मंजूर अंदाजपत्रकात नसलेली बाब योजनेच्या खात्यात खर्ची का टाकली, खुलासा करावा’. खाली तारीख, पंधरा दिवसांची. आणि त्या योजनेची यूसी आम्ही ‘ज्या कारणासाठी दिले त्याच कारणासाठी खर्च केले’ असं लिहून पाठवून मोकळे झालोय.

तर विचारायचं असं की एक, हे निस्तरायचं कसं. दोन, पुढं असं होऊ नये म्हणून तुम्ही वही कशी ठेवता, एक्सेल म्हणा, काय म्हणा. आणि तीन, ऑफिसचे मोठे साहेब म्हणालेत ई-बस फुकट मिळालीय, डोळे झाकून घ्या. मला काय ती फुकट वाटंना. कुणी जवळनं बघितलंय का?

---

आगार_काका

पोरी, आधी चहा पिऊन घे. ऑडिट मेमो म्हणजे फाशीचा हुकूम नव्हे, मी बत्तीस वर्षांत शंभर तरी बघितले असतील. मी पलीकडचा, चंदगड-गडहिंग्लज भागात बसच्याच हिशेबात माझी नोकरी गेली, आता रिटायर होऊन काजूच्या झाडांना पाणी घालतोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे पण लाजिरवाणं आहे. चूक झाली म्हणून लिही. ‘तांत्रिक कारणास्तव’, ‘कामाची निकड लक्षात घेऊन’ असली वाक्यं ऑडिटर रोज वाचतो आणि ती वाचून त्याला अजून खोल खणायची इच्छा होते. बिल नंबर ४ ची रक्कम तुमच्या स्वतःच्या किंवा राज्याच्या पैशातनं योजनेच्या खात्यात परत भर, ट्रान्सफर एंट्री कर, चलनाची प्रत जोड, आणि सुधारित यूसी पाठव. रक्कम भरायला पैसे नाहीत असं साहेब म्हणतील. म्हणू देत, टिप्पणी लिहून सहीला ठेव. सहीला ठेवलेली टिप्पणी तुझी ढाल आहे, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. आणि हे वर्ष संपायच्या आत कर. एकदा वार्षिक हिशेब बंद झाला की मग ती मागच्या वर्षाची दुरुस्ती होते, आणि कॅगच्या अहवालातल्या पॅरात गेली की माझ्यासारखी रिटायर झालेली माणसं जुनी सही ओळखायला बोलावतात.

यूसीचं एक लक्षात ठेव. केंद्राच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्सप्रमाणं ती आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायची असते, संस्थेला १२-अ नमुना, राज्य सरकारला १२-सी. त्या कागदावर सही करणारा लिहून देत असतो की मी स्वतः तपासलं. तपासलं म्हणजे पासबुक बघितलं असं नाही, काम बघितलं. आणि न वापरलेल्या ग्रँटवर जे व्याज पडतं ते आपलं नसतं बरं का, ते केंद्राच्या तिजोरीत परत भरायचं असतं. त्या व्याजातनं कंपाउंड रंगवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि पुढं तीन वर्षं त्या रंगाचा पत्रव्यवहार चालला. भिंतीचा रंग उडाला, फाईल मात्र टवटवीत.

आता वहीचं. तुमची चूक कुठं झाली माहीत आहे का, तुम्ही कामाच्या नावानं पान उघडता. ‘अमुक डेपो यार्ड काँक्रीट’. एका कामात तीन पैसे येतात, मग एका पानावर तिघांचा काला होतो. पान उघडायचं मंजुरी आदेशाच्या नावानं. वर आदेश नंबर आणि तारीख, खाली शब्दशः काय मंजूर आहे ते, किती नग, किती मीटर. मग आपला हिस्सा किती आणि तो कुठनं येणार. हप्ता कधी पडला. नंतर प्रत्येक बिलाचा नंबर आणि एमबीचं पान, यूसी कधी गेली, पोच आली का. आणि शेवटचा रकाना मी स्वतः वाढवला होता, सगळे हसायचे, ‘वस्तू आज कुठं आहे’.

दुसरं म्हणजे एक रबरी शिक्का करून घे, दोनशे रुपयात होतो. ‘या बिलाचा खर्च मंजुरी क्र. ____ मधून, शिल्लक रु. ____’. बिल पास व्हायच्या आधी तो मारायचा आणि रिकाम्या जागा इंजिनिअरनं भरायच्या, तू नाही. ज्याला काम माहीत आहे त्यानं लिहायचं कुठल्या पैशातलं आहे ते. शिक्का नाही तर बिल पुढं नाही. पहिले दोन महिने सगळे तुझ्यावर चिडतील, मग आपोआप भरून आणतात.

एकाच कामात दोन मंजुऱ्यांचे पैसे असले तर आरए बिलातच दोन भाग पाडून घे, एमबीत मोजमापंही वेगळी घ्यायला लाव. नंतर कागदावर वाटणी करायला गेलं की ते कधीच जुळत नाही.

आणखी एक, हे अकाउंट्सवालेच समजतील. ग्रँटमधनं घेतलेल्या मालमत्तेचा घसारा. शेड ग्रँटची असली तर ती ग्रँट त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून एकदम दाखवायची नसते, एएस-१२ (ग्रँटच्या हिशेबाचं अकाउंटिंग स्टँडर्ड) प्रमाणं एक तर मालमत्तेच्या किमतीतनं वजा करायची नाहीतर शेडच्या आयुष्यावर थोडी थोडी उत्पन्नात आणायची. काही ठिकाणी सगळी एकाच वर्षी दाखवतात, त्या वर्षी महामंडळ फायद्यात दिसतं, पेपरात फोटो येतो, आणि पुढच्या वर्षी परत बोंब.

---

कणकुंबीकर

तुमी सगळे शिकलेली माणसं हायसा म्हणून विचारतो. आमच्या रस्त्याला तीन शेल्टर झाली हाईत गेल्या काही वर्षांत. पत्रा चांगला, बाकडं चांगलं, वर नाव देणाऱ्याचं तीन फुटाचं आणि गावाचं नाव एवढुसं, तेबी चुकवलेलं. पण गाडी कुठं हाय? पावसात आमच्याकडं तीन-तीन दिवस सूर्य दिसत न्हाई, पोरं त्या शेल्टरात सात वाजल्यापासनं उभी, गाडी आली की आधीच भरून आलेली, बायका शक्ती योजनेची फुकट प्रवासाची झिरो तिकिटं घेऊन बसलेल्या, त्येंचं काय चुकलं म्हणा, त्यास्नी सरकारनं दिलंय, पण गाड्या तेवढ्याच आणि माणसं दुप्पट, कंडक्टर दारातनंच हात हलवतंय. मग वडापात, त्या खाजगी जीपात, बसायचं, पोरांनी मागच्या दांड्याला धरून. शेल्टरला पैसे हाईत आणि गाडीला न्हाईत, ह्यो कसला हिशेब?

---

निपाणीची_पोरगी

काका, शिक्क्याची ऑर्डर दिली आत्ताच, खरंच. आणि मंजुरीच्या नावानं पान, हे इतकं साधं आहे की मला आधी सुचलं कसं नाही याचाच राग यायलाय.

कणकुंबीकर दादा, तुमचा प्रश्न माझ्या टेबलावर रोज असतो, उत्तर ऐकून राग येईल तुम्हाला. शेल्टर हे एकदा बांधायचं काम. खासदार फंड वर्षाला ५ कोटी असतो, त्यातनं शेल्टर बसतं, कारण ते बांधलं की संपलं. गाडी घेतली तर तिला ड्रायव्हर, कंडक्टर, डिझेल, टायर लागतंय आणि ते दर महिन्याला, ते त्या फंडातनं देताच येत नाही. ते येतं दुसऱ्या हेडखाली, ३०५५, महसुली. शक्तीच्या झिरो तिकिटांचे पैसे सरकार महामंडळाला देतं ते पण महसुलीच, त्यातनं गाड्या घ्यायच्या म्हटलं तर आधी डिझेल आणि पीएफ तोंड वासून उभे. तिकीट तर जानेवारी २०२५ मध्ये १५ टक्के वाढलं, त्याच महिन्यात कर्नाटकाच्या चार बस महामंडळांना मिळून २००० कोटींचं कर्ज काढायला सरकारनं मंजुरी दिली, ते पण पीएफ आणि इंधनाची जुनी देणी भागवायला. म्हणजे कर्ज काढून सुद्धा नवी गाडी नाहीच. ११ जून २०२३ ला शक्ती सुरू झाली तेव्हा आमच्या स्टँडवर मी स्वतः उभी होते, बायका हसत हसत चढत होत्या, माझी आई पण. गाड्या वाढवायचा विचार त्याच दिवशी व्हायला पाहिजे होता.

---

वीट_वाळू_सिमेंट

मॅडम, मी सिव्हिलवाला, डेपो आणि स्टँडची कामं केलीत, बेळगाव-बागलकोट-धारवाड सगळीकडं. काकांनी वहीचं सांगितलं, मी जमिनीवरचं सांगतो.

तुमच्या ऑडिट मेमोच्या मुळाशी खरा प्रश्न यार्डाचा आहे. यार्डाला काँक्रीटच का लागतं माहीत आहे का? डिझेल ठिबकतं. डांबरावर डिझेल पडलं की डांबर विरघळतं, आणि गाडी जागच्या जागी वळते तेव्हा चाक खडी उपटून काढतं. एका पावसाळ्यात डांबरी यार्डाचं शेत होतं, मेकॅनिक चिखलात झोपून गिअरबॉक्स उतरवतात. त्यामुळं कुणीतरी पडून असलेल्या पैशातनं दुसरा टप्पा उरकला त्याची नियत वाईट नव्हती असं माझं मत. पण मंजूर अंदाजपत्रकात नव्हतं ते नव्हतंच. ती बाब आधी सुधारित अंदाजपत्रकात घालून मंजुरी घेतली असती, आणि योजनेच्या नियमात बसत असती, तर हा मेमो आलाच नसता. चार आठवड्यांची धावपळ वाचवायला गेले आणि चार वर्षांची फाईल झाली.

दुसरं, जमीन. कुठलाही प्रस्ताव वर पाठवायच्या आधी उतारा काढा. स्वतः काढा. आमच्याकडं एका गावात स्टँडला पैसे मंजूर, टेंडर तयार, आणि उताऱ्यावर ती जागा अजून गायरान. चाळीस वर्षं तिथं गाड्या थांबतात म्हणून सगळ्यांनी ती आपलीच धरलेली. नाव लागायला दीड वर्ष गेलं, तोवर आर्थिक वर्ष संपलं, पैसे परत, आणि नव्यानं मागितले तर दर वाढलेले. २०२२ मध्ये सरकारी कामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला तेव्हा आमची निम्मी इस्टिमेटं एका रात्रीत तोकडी पडली, आणि ते सहा टक्के द्यायला कुठलीच योजना तयार नाही. म्हणून आपला हिस्सा काढताना थोडं जास्तीच धरा.

रेल्वेचं बघा की. धारवाड-बेळगाव कित्तूरमार्गे नवी लाईन, ७३ किलोमीटर, खर्च निम्मा केंद्राचा निम्मा राज्याचा आणि जमीन राज्यानं फुकट द्यायची. मंजुरी मिळून वर्षं झाली. आणि देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजीच्या शेतकऱ्यांचं म्हणणं एकच, आमची पिकाऊ जमीन का, पड जमिनीतनं न्या. मला कुणाची बाजू घ्यायची नाही इथं, पण पैसा आधी आणि जमीन नंतर असं जिथं जिथं झालं तिथं हेच बघितलंय.

आणि डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे कंत्राटदारानं दोष स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायच्या मुदतीची, तारीख तुमच्या वहीत पाहिजे. कंत्राटदाराचं डिपॉझिट सोडायचा दिवस आणि ती मुदत संपायचा दिवस, दोन्ही. मुदत संपायच्या महिनाभर आधी, पावसातच, जाऊन बघा. छत गळतंय का ते उन्हाळ्यात कळत नाही.

---

अथणीचा_पुण्यात

तिसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. गाव अथणी, काम पुण्यात, ई-बसच्या टेंडरची कागदपत्रं तयार करायचं काम करतो. ताई, तुमची शंका बरोबर आहे, ती फुकट नाही. पण वाईट पण नाही, नीट समजून घ्या.

पीएम ई-बस सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, १०,००० गाड्या, एकूण अंदाज ५७,६१३ कोटी, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. अट म्हणजे २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख किंवा जास्त. बेळगाव शहर ४.८८ लाख, म्हणून बसतं. निपाणी, गोकाक, चिकोडी, खानापूर त्या अटीच्या जवळपास पण नाहीत, त्यामुळं कणकुंबीला यातनं काही मिळेल ही आशा ठेवू नका. पीएम ई-ड्राइव्ह नावाची दुसरी आहे सप्टेंबर २०२४ ची, तिच्यातल्या बसेस ४० लाखांच्या वरच्या शहरांना, म्हणजे कर्नाटकात फक्त बेंगळुरू.

आता गंमत बघा. या गाड्या तुमच्या नसतात. तुमच्या मालमत्तेच्या रजिस्टरात त्या येणारच नाहीत. गाडी कंपनी घेते, ड्रायव्हर कंपनीचा, दुरुस्ती कंपनीची, तुम्ही किलोमीटरवर पैसे द्यायचे, कंडक्टर आणि तिकीट तुमचं. याला ग्रॉस कॉस्ट काँट्रॅक्ट म्हणतात. केंद्र किलोमीटरमागं १२ मीटरच्या गाडीला २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २० देतं, दहा वर्षं. डेपोपर्यंत वीज आणायचा खर्च पण केंद्र देतं. म्हणजे तुमचे जे पैसे ‘पडून होते’ ते हेच की काय असा मला संशय आहे, तसं असेल तर काकांचं ऐका आणि उद्याच भरा, कारण वीज आली नाही तर गाड्या येऊन उभ्या राहतील.

हिशेब असा. समजा टेंडरात दर ६० रुपये निघाला. केंद्राचे २४ गेले, राहिले ३६. गाडी दिवसाला २०० किलोमीटर धरा, तर ७,२०० रुपये रोज, एका गाडीमागं, तुम्ही तिकिटातनं आणि राज्यानं मिळून उभे करायचे. आकडे नुसते समजायला घेतलेत, तुमचा दर वेगळा असेल. आता त्याच गाडीत निम्म्या बायका शक्तीच्या, त्यांचे पैसे सरकारकडनं येणार, कधी येणार? आणि करारात ठरलेले किलोमीटर गाडी चालली नाही, समजा मोर्चा आहे, सीमाप्रश्नाचा बंद आहे, चन्नम्मा सर्कल अडवलाय, तरी ठरलेल्या किलोमीटरचे पैसे बऱ्याच अंशी द्यावेच लागतात. आपल्या गावात बंद किती होतात ते मी सांगायला नको. मी काम करताना पहिला प्रश्न तोच विचारतो, वर्षात बंदचे दिवस किती धरलेत? लोक हसतात.

कंपन्यांना पण भीती असते की महामंडळ पैसे देणार नाही. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये पेमेंट सिक्युरिटीची वेगळी योजना आली, ३,४३५ कोटींची. तुम्ही बिल थकवलं तर त्या फंडातनं कंपनीला देतात आणि मग रिझर्व्ह बँकेमार्फत राज्याच्या खात्यातनं थेट वळते करून घेतात. राज्यानं आधीच तसं लिहून दिलेलं असतं. म्हणजे आता ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे चालत नाही. साहेबांना एवढंच विचारा, दर महिन्याची ही रक्कम कुठल्या हेडखाली धरलीय? उत्तर आलं तर घ्या, बेळगाव शहरात गाड्या हव्याच आहेत, अनगोळ-वडगावच्या गल्लीत डिझेलचा धूर मी लहानपणापासून खातोय.

---

कडोलीचा_भाऊ

सगळं वाचलं, ज्ञानात भर पडली, पण एक कुणी बोलेना. कलबुर्गीकडच्या लोकांना घटनेचं कलम ३७१-जे, म्हणजे त्या भागाला खास दर्जा आहे, वेगळं मंडळ आहे, त्या मंडळाच्या पैशातनं तिकडं बऱ्याच गोष्टी होतात, गाड्या पण. आमच्याकडं काय? २०२१ ला मुंबई कर्नाटकाचं नाव बदलून कित्तूर कर्नाटक केलं, पाटी बदलली. नावाबरोबर मंडळ आणि पैसे पण द्यायचे होते. पलीकडं महाराष्ट्रात जायला शिनोळीला उतरून त्यांच्या गाडीत बसलं की शक्ती संपते, आणि पलीकडची बायकांची अर्धी तिकिटं त्यांच्या गाडीत त्यांच्या हद्दीत. आमची मावशी बेळगावात भाजी विकून चंदगडला जाते तिला दोन्हीकडचे नियम पाठ आहेत, अर्थमंत्र्याला नसतील एवढे.

---

आगार_काका

भाऊ, बरोबर आहे, पण पोरीच्या मेमोला त्याचा उपयोग नाही, ते आमदारांना विचारा.

पोरी, एक राहिलं. ग्रँटमधनं घेतलेली जुनी गाडी भंगारात काढताना ज्यानं पैसे दिले त्याची परवानगी लागते का ते आदेशात बघ. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महामंडळाच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण बंद झालंय, त्यामुळं सगळीकडं ढीगभर गाड्या एकदम निघाल्या. त्यातल्या कुठल्या कुणाच्या पैशातल्या होत्या हे शोधायला मला रिटायर झाल्यावर फोन येतात. माझ्या त्या शेवटच्या रकान्यावर हसणारेच फोन करतात.

---

निपाणीची_पोरगी

मंडळी, थोडा उशीर झाला, पण सांगायलाच आलेय.

खुलासा लिहिला, चूक झाली असंच लिहिलं. साहेबांनी दोन दिवस फाईल तशीच ठेवली, तिसऱ्या दिवशी ‘ह्याच्यापेक्षा बरं काही सुचत नाही’ म्हणून सही केली, कन्नडात म्हणाले पण अर्थ तोच. रक्कम दोन हप्त्यांत भरायची ठरलीय. अथणीचे दादा, तुमचा संशय खरा निघाला, ते विजेचेच पैसे होते. साहेबांना हेडचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, नोट टाका. टाकलीय.

आणि काकांच्या शेवटच्या रकान्यासाठी काल स्वतः एका छोट्या स्टँडवर गेले, हातात खडू आणि रजिस्टर. रजिस्टरात लिहिलंय बाकडी नग ६, आमदार फंड. स्टँडवर चार. कंट्रोलरला विचारलं तर तो म्हणाला असतील की कुठंतरी. बाहेर आले तर पानपट्टीशेजारच्या चिंचेखाली दोन बाकडी, त्याच निळ्या रंगाची, एकावर म्हातारा झोपलेला आणि दुसऱ्यावर वडापवाले पत्ते खेळत बसलेले. मी खडूनं पायावर नंबर लिहिला, पाच आणि सहा. पत्तेवाला म्हणाला, बाई नेणार काय? म्हटलं नाही, बसा. आता रकान्यात काय लिहू काका, ‘चिंचेखाली’ चालेल का?